चाओ युआनरेन यांनी अमेरिकेत चिनी भाषेचं शिकवणं कसं बसवलं? २ क्रेडिटच्या कोर्सासाठी त्यातलं काय उचलावं?

बालाघाटी (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयात नव्या शैक्षणिक धोरणाखाली चिनी भाषेचा २ क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह सुरू करायचं घाटतंय. अभ्यासमंडळापुढे ठेवायला एक टिपण हवंय: परक्या लेकरांना चिनी शिकवायची घडी अमेरिकेतल्या विद्यापीठांत कुणी आणि कशी बसवली. वाचता वाचता चाओ युआनरेन (१८९२–१९८२) या नावापाशी येऊन थांबलोय. पण जिथं बघावं तिथं 'थोर भाषाशास्त्रज्ञ' एवढंच सापडायलंय. वर्गात ते नेमकं काय करायचे, तास कसे वाटायचे, पुस्तक कसं रचलं, हे कुणी सांगेल का?

आमच्याकडचा हिशेब असा: ४० विद्यार्थी, एक शिक्षक, तोही बाहेरून येणारा. इतिहास विभागाचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांना मुलांनी पुढं जाऊन ह्युएन त्संगचं प्रवासवर्णन मुळातून वाचावं असं वाटतं, अजिंठ्याच्या अभ्यासासाठी. हे एकाच कोर्सात बसेल का?

गोदाकाठ (नांदेड)

सर, नाव बरोबर धरलंत, पण टिपणात सगळं एकट्याच्या नावावर घालू नका. चाओ येण्याआधीही अमेरिकेत चिनी होतीच. येल विद्यापीठात १८७० च्या दशकात सॅम्युअल वेल्स विल्यम्स यांना चिनीचं प्राध्यापकपद मिळालं. हार्वर्डनं १८७९ मध्ये निंगबोहून क ख्वुन-ह्वा यांना तीन वर्षांच्या करारावर आणलं. विद्यार्थी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि करार संपण्याआधीच १८८२ मध्ये ते तिथंच वारले. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेत चिनी म्हणजे जुने ग्रंथ शब्दकोश घेऊन उलगडायचे, असंच समीकरण होतं. पेकिंगच्या बाजारात भाजी मागता यावी, ही अपेक्षाच नव्हती.

आता चाओ. तियानजिनला जन्म. १९१० मध्ये बॉक्सर नुकसानभरपाईच्या (बॉक्सर उठावापायी चीनकडून घेतलेल्या दंडाच्या पैशातल्या) शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, कॉर्नेलला गणित, १९१८ मध्ये हार्वर्डची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट. १९२० मध्ये चीनला परतल्यावर बर्ट्रांड रसेलच्या व्याख्यानांचे दुभाषे. १९२१ ते २४ पुन्हा हार्वर्डला, तेव्हाच चिनी शिकवायला सुरुवात. मग चीनमध्ये छिंगह्वा विद्यापीठ आणि पुढं अकादेमिया सिनिका ही संशोधन संस्था, गावोगावच्या बोलींची पाहणी. १९३८ मध्ये हवाई, १९३९ ते ४१ येल, १९४१ पासून हार्वर्ड, १९४७ पासून निवृत्तीपर्यंत बर्कली. १९४५ मध्ये अमेरिकेच्या भाषाशास्त्र परिषदेचे अध्यक्षही झाले.

घडी बसली ती युद्धात. अमेरिकन लष्करानं १९४२ च्या अखेरीस विद्यापीठांमधून सैनिकांना भाषा शिकवायची योजना काढली. आठवड्याला साधारण १५ तास नुसती भाषा, तीही बोलायची. हार्वर्डच्या चिनी वर्गाची जबाबदारी चाओंकडे आली. त्यांनी काम दोन भागांत तोडलं. व्याख्यान एकच, सगळ्यांना मिळून, ते स्वतः घेत: आज कोणता आवाज, कोणती वाक्यरचना, का. उरलेले सगळे तास छोट्या गटांत, मातृभाषा चिनी असलेल्या सहायकांसोबत. तिथं समजावून सांगणं बंद. नुसतं ऐका, म्हणा, बदलून म्हणा. सहायकांत पुढं नाव काढलेली माणसं होती. यांग लिएन-शंग यांच्यासोबत चाओंनी १९४७ मध्ये बोलीभाषेचा छोटा शब्दकोश काढला. कन्या रूलान चाओ पियान पुढं हार्वर्डलाच प्राध्यापक झाल्या, आणि वडिलांच्या पुस्तकासाठी सरावाची स्वतंत्र पुस्तिका त्यांनीच रचली.

त्या वर्गाच्या साहित्यातूनच १९४८ चं 'मँडरिन प्रायमर' निघालं. रचना बघण्यासारखी आहे. आधी उच्चार, व्याकरण आणि लिपी यांची ओळख. मग पायाभरणीचे चार पाठ, त्यांना आकडे नाहीत, ए-बी-सी-डी अशी नावं: सूर (उच्चारातला चढ-उतार, चिनीत त्यानं शब्दाचा अर्थच बदलतो), अवघड आवाज, आवाजांची पूर्ण व्यवस्था, आणि सूर एकमेकांना लागले की कसे बदलतात. हे पचल्यावरच पाठ पहिला. एकूण पाठ २४, बहुतेक संवाद आणि गोष्टी, कंटाळा येऊ नये एवढा मिश्किलपणा त्यात आहे. चिनी अक्षरं या पुस्तकाच्या पाठांत नाहीत, त्यांचा खंडच वेगळा. शिवाय पाठांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. हा माणूस १९२० च्या दशकातच शांघायच्या कमर्शियल प्रेससाठी प्रमाण चिनीच्या तबकड्या करून बसला होता, त्यामुळे आवाजाशिवाय भाषेचं पुस्तक त्यांना अर्धवटच वाटत असणार.

टिपणासाठी मुख्य मुद्दा माझ्या मते हा: त्यांनी 'समजावणं' आणि 'सराव' यांचे तास आणि माणसं वेगळी केली. बाकी सगळं त्यातून आलं.

खडकी_दरवाजा (छ. संभाजीनगर)

गोदाकाठ यांनी इतिहास सांगितला, मी उच्चारांवर येतो, कारण आपल्याकडचे कोर्स तिथंच आपटतात.

चाओंनी १९३० मध्ये सूर मोजायची पाच पायऱ्यांची पट्टी दिली. तळ म्हणजे १, माथा म्हणजे ५. प्रमाण चिनीचा पहिला सूर ५५, म्हणजे वर धरून ठेवायचा. दुसरा ३५, चढता. तिसरा २१४, खाली जाऊन वर. चौथा ५१, माथ्यावरून सरळ खाली. आज जगभर ही पट्टी वापरतात. पण बहुतेक शिक्षक २१४ फळ्यावर लिहितात आणि पुढचं सांगत नाहीत. पूर्ण २१४ हा बहुधा वाक्याच्या शेवटी किंवा शब्द सुटा म्हटला तरच येतो. पुढं तिसऱ्याखेरीज कुठलाही सूर असेल तर तिसरा नुसता खाली जातो, २१, वर येतच नाही. आणि दोन तिसरे लागोपाठ आले तर आधीचा दुसऱ्यासारखा चढता होतो. 'नी हाओ' (नमस्कार) मध्ये हेच होतं. हे न शिकवल्यामुळं मुलं प्रत्येक तिसऱ्या सुराला झोका देत बसतात आणि वाक्य हिंदकळतं.

म्हणून सूर सुटे घोटू नका, जोड्यांत घोटा. चार गुणिले चार सोळा, त्यात पहिलं अक्षर सुराचं आणि दुसरं बिनसुराचं अशा चार जोड्या मिळवा, एकूण वीस. प्रत्येक जोडीला एक ओळखीचा शब्द नेमून द्या. तीन-एकसाठी 'लाओशी' (शिक्षक), एक-दोनसाठी 'चोंगक्वो' (चीन), दोन-शून्यसाठी 'शुएशंग' (विद्यार्थी). नवा शब्द आला की 'हा लाओशीच्या चालीवर' एवढं सांगितलं की भागतं.

मराठी तोंडाचा एक मोठा फायदा आहे आणि तो आपण स्वतःच्या हातानं घालवतो. इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ वेगळे काढायला जड जातं, आपल्याला ते जन्मजात येतात. पण पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार लिहायची आजची पद्धत, रोमी लिपीत असल्यामुळं आपली लेकरं 'बी' दिसला की ब म्हणतात. तो ब नाही, प आहे. 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. आणि 'पी', 'टी', 'के' म्हणजे फ, थ, ख. राजधानीचं नाव 'पेइचिंग' च्या जवळ जातं, 'बीजिंग' च्या नाही. फ मात्र ओठांनी, दात लावून नाही. हल्ली पोरं 'फळ' सुद्धा दात लावून म्हणतात, ते आधी मोडावं लागतं.

'झेड' साठी 'चमचा' मधला च थेट चालतो. 'सी' म्हणजे तोच च जोरात श्वास सोडून, हा आवाज मराठीत नाही, वेगळा घोटावा लागतो. 'जे' म्हणजे 'चार' मधला च, 'क्यू' म्हणजे 'छत्री' मधल्या छ च्या जवळ. 'झेड-एच', 'सी-एच', 'एस-एच' यांना जीभ ट च्या जागी न्यायची, पण ट सारखी थाप मारायची नाही, घासत सोडायची. दोन टिंबांचा 'यू' काढायला तोंडात ई धरा आणि ओठ ऊ चे करा.

देवनागरीत लिहून देणं पहिल्या दोन आठवड्यांपुरतं. त्यात सूर दिसत नाहीत, आणि पुढं ती सवय जात नाही.

ज्वारीचं_कणीस (परभणी)

वरच्या दोघांनी चाओंच्या रोमी लिपीला बगल दिली, म्हणून लिहितो. 'क्वोयू रोमात्स' ही पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, १९२८ मध्ये चीन सरकारनं ती अधिकृत केली. कल्पना अशी की सुराची खूण अक्षरावर नकोच, स्पेलिंगमध्येच सूर असावा. 'थांग' घ्या. पहिल्या सुराला साधं स्पेलिंग. दुसऱ्याला स्वरापुढं 'आर' घाला. तिसऱ्याला स्वर दुहेरी लिहा. चौथ्याला शेवटचा 'जी' काढून 'क्यू' लावा. चार सूर, चार वेगळे दिसणारे शब्द. 'मँडरिन प्रायमर' यातच आहे.

डोकं विलक्षण, पण नियम शब्दागणिक बदलतात, म्हणून शिकायलाच पहिला महिना जातो. येलनं १९४३ च्या सुमारास स्वतःची सोपी पद्धत काढली, जॉर्ज केनेडी यांची, आणि अमेरिकेत कितीतरी वर्षं तीच जास्त चालली. चीननं १९५८ मध्ये पिनयिन घेतल्यावर हळूहळू सगळे तिकडं वळले. स्कॉट मॅकगिनिस यांनी दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांची तुलना केली, ती १९९७ मध्ये छापून आली. सुरांच्या स्पेलिंगनं शिकणाऱ्यांचे सूर जास्त अचूक निघाले नाहीत. तेव्हा कोर्साला पिनयिनच ठेवा. चाओंची पद्धत टिपणात एका परिच्छेदापुरती.

आणि इतिहास विभागाला हात जोडून सांगा की ह्युएन त्संग या कोर्सात येत नाही. त्याची भाषा सातव्या शतकातली ग्रांथिक चिनी, रचना वेगळी, शब्द बहुतांशी एकेका अक्षराचे, वर संस्कृत नावांची चिनी रूपं. ज्या बर्कलीत चाओ बोली शिकवायचे तिथंच पीटर बूडबर्ग जुने ग्रंथ शिकवायचे. दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. भारतात त्यासाठी शांतिनिकेतनच्या चीना भवनाची परंपरा आहे, १९३७ पासूनची. बोली पक्की झाल्यावर ज्याला गोडी लागेल त्यानं तिकडं जावं.

अक्षरांचं म्हणाल तर पूर्ण सत्र लांबणीवर टाका. तोंड बसल्याशिवाय हातात पेन नको.

खडकी_दरवाजा

कणीसभाऊ, शेवटच्या ओळीशी नाही पटत. चाओंच्या काळात लिहायचं म्हणजे हातानंच लिहायचं होतं. आज मोबाईलवर पिनयिन टाइप केलं की खाली पाच-सहा अक्षरं येतात, त्यातलं बरोबर निवडायचं. म्हणजे ओळख आधी, लेखन मागून, आणि ओळखीला फार वेळ लागत नाही. पहिले तीन आठवडे नुसते आवाज, हे मान्य. चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला सहा-सात अक्षरं ओळखीची करा, हातानं लिहायला त्यातली दोन-तीनच. शिवाय चिनी घेणारं निम्मं लेकरू अक्षरांच्या ओढीनंच येतं. पूर्ण सत्र अक्षर दाखवलं नाही तर दिवाळीनंतर वर्गात दिसणार नाही.

जॉन डीफ्रान्सिस यांनी यातली मधली वाट काढली. न्यू जर्सीच्या सीटन हॉल विद्यापीठात १९६० च्या दशकात त्यांनी बारा खंडांची पुस्तकमाला रचली. 'बिगिनिंग चायनीज' (१९६३) पिनयिनमध्ये, आणि सोबतीला वाचनपुस्तक वेगळं, त्यात अक्षरं फक्त ४००, पण त्यांच्यापासून झालेले शब्द बाराशेच्या घरात. थोडी अक्षरं, आलटून पालटून, भरपूर मजकुरात. आपल्याला ४०० नकोत, ६० चालतील. पण तत्त्व तेच ठेवा: नवं अक्षर आलं की पुढच्या तीन पाठांत ते पुन्हा भेटलंच पाहिजे.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. पण ४० मुलं आणि एक शिक्षक, याचं काय करू? आणि ३० तासांत पदरात काय पडेल ते स्पष्ट सांगा. अभ्यासमंडळाला 'संभाषण करू शकतील' असं लिहून द्यायचं का?

मुकुंदराज_टेकडी (अंबाजोगाई)

लिहून देऊ नका, अंगाशी येईल.

अमेरिकन परराष्ट्र खातं आपल्या लोकांसाठी चिनीला ८८ आठवडे आणि २२०० वर्गतास धरतं. ते व्यावसायिक पातळीसाठी, आणि तेही दिवसभर दुसरं काम नसताना. अमेरिकन विद्यापीठात आठवड्याला ५ तास आणि वर्षाला ३० आठवडे धरले तर वर्षाचे १५०, चार वर्षांचे ६००. हे पुरत नाही म्हणून तर त्यांनी उन्हाळी वर्ग काढले. मिडलबरी महाविद्यालयात १९६६ पासून चिनीचा उन्हाळी वर्ग आहे. तिथं शपथ घ्यावी लागते की मुक्कामभर शिकायच्या भाषेखेरीज दुसरी बोलणार नाही. प्रिन्स्टननं १९९३ मध्ये बीजिंगमध्ये तोच प्रकार सुरू केला, आठ आठवड्यांत वर्षभराचा अभ्यासक्रम. त्याआधी मुख्य भूमीवर जाता येत नव्हतं तेव्हा १९६३ पासून तैपेईत आंतरविद्यापीठ केंद्र होतं, ते १९९७ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात हललं.

तुमचे ३० तास त्या मानानं किती, ते दिसतंच आहे. पण एक वाट आहे. २ क्रेडिट थिअरी म्हणून घेतले तर ३० तास, प्रात्यक्षिक म्हणून घेतले तर ६०. भाषेचा सराव हे प्रात्यक्षिकच आहे, तसाच प्रस्ताव टाका. ६० तासांत जुन्या एचएसकेच्या (चीनची परक्यांसाठीची चिनी भाषा परीक्षा) पहिल्या पातळीचे १५० शब्द नीट बसतात. २०२१ च्या नव्या मानकात पहिल्याच पातळीला ५०० शब्द आहेत, त्याच्या नादी लागू नका. फलित म्हणून लिहा: 'सूरजोड्या ऐकून ओळखतील, १५० शब्दांत स्वतःची ओळख, वेळ, किंमत, दिशा सांगतील व विचारतील, ६० अक्षरं ओळखतील.' एवढं तपासता येतं.

आता ४० जणांचं. तासाला ४० मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला दीड मिनिट. आठांचा गट केला तर साडेसात. चाओंच्या विभागणीचं सगळं इंगित या भागाकारात आहे. १५ आठवडे, आठवड्याला ४ तास. त्यातला एक सगळ्यांना मिळून, तो बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचा. उरलेले तीन गटात. आठांचे पाच गट, म्हणजे सरावाचे आठवड्याला १५ तास कुणीतरी घ्यायला हवे. प्रस्ताव इथंच अडतो, कारण कार्यालय एका तुकडीचे चारच तास कार्यभारात धरतं. तेव्हा सुरुवातीलाच प्रवेश १६ वर बंद करा. दोन गट, सरावाचे सहा तास, एवढं मानधनावर जमतं. ४० घेऊन सराव गाळलात तर उरतं ते चिनीविषयी व्याख्यान.

सरावाला माणूस नेमताना चीनमध्ये राहून आला एवढ्यावर घेऊ नका, जेएनयूची पदवी आहे एवढ्यावरही नको. समोर बसवून वीस जोड्या म्हणून घ्या. आणि त्याला एक बंधन घाला: सरावाच्या तासाला व्याकरण समजावायचं नाही. ते मोडलं की तासाचा निम्मा वेळ मराठीत जातो.

ध्वनिमुद्रणाचं काम मोबाईलवर होतं. रोज पाच वाक्यं गटावर पाठवायची, शिक्षकानं चुकलेल्या अक्षराखाली नुसता १ ते ४ आकडा टाकायचा. कुणाचा सूर का चुकतोय ते बघायचं असेल तर 'प्रात' हे आवाजाची रेषा काढून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात आवाजाची पट्टी मुलांसाठी ७५ ते ३०० हर्ट्झ, मुलींसाठी १०० ते ५०० ठेवा, नाहीतर रेषा भलतीकडं उडी मारते. तिसऱ्या सुराच्या तळाशी रेषा तुटली तर घाबरू नका. तिथं आवाज घोगरा होतो, चिनी माणसाचाही होतो.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर उचलणं. मराठीत ते चालतं. चिनीत शेवटच्या शब्दाचा चौथा सूर त्यानं दुसरा वाटायला लागतो. 'माय' तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्यात विकणं. बाजाराच्या संवादात हे रोज लागतं, तिथूनच घोटून घ्या.

गोदाकाठ

टिपणात पैशाचा परिच्छेद विसरू नका, अभ्यासमंडळाला तोच कळतो. अमेरिकेत हे सगळं सरकारी पैशाच्या भरती-ओहोटीवर चाललंय. १९४२ मध्ये लष्कराचा पैसा आला आणि १९४४ मध्ये योजना जवळजवळ गुंडाळली, कारण पोरं आघाडीवर हवी होती. १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं, १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. त्या पैशातून भाषाकेंद्रं, शिष्यवृत्त्या, टेपच्या प्रयोगशाळा झाल्या, डीफ्रान्सिस यांची मालाही त्यातूनच. चिनी शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना १९६२ ची. २००४ मध्ये मेरीलँड विद्यापीठात अमेरिकेतली पहिली कन्फ्यूशियस संस्था आली, म्हणजे पैसा चीनचा. पुढं २०१९ च्या संरक्षण कायद्यानं अशी संस्था असलेल्या विद्यापीठांचा संरक्षण खात्याकडून मिळणारा चिनी भाषेचा निधी अडवला, आणि बहुतेक संस्था बंद झाल्या. विद्यार्थीही घटलेत. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मोजणीत २०१३ मध्ये साठ हजारांच्या वर, २०१६ मध्ये ५३ हजार, २०२१ मध्ये ४६ हजारांच्या आसपास.

टिकलं काय, तर पुस्तकं, ध्वनिमुद्रणं आणि शिकवून तयार केलेले शिक्षक. म्हणून पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पाहुण्या व्याख्यात्यांच्या प्रवासखर्चाला कात्री लावा आणि दोन सरावशिक्षकांचं मानधन आधी मंजूर करून घ्या.

मुकुंदराज_टेकडी

आणि परीक्षा. लेखी १०० टक्के ठेवलीत तर वरचं सगळं मुसळ केरात. मुलं पिनयिन पाठ करतील, तोंड उघडणार नाहीत. निम्मे गुण तोंडी ठेवा. माणशी पाच मिनिटं, सोळा जणांना दीड तास पुरतो. पहिलं मिनिट सूरजोड्या ऐकून आकडा सांगायचा, दोन मिनिटं नेमून दिलेला संवाद, उरलेल्या दोन मिनिटांत त्याच शब्दांतले पण न सांगितलेले प्रश्न. सरावशिक्षकानं स्वतःच्या गटाची परीक्षा घ्यायची नाही, गट अदलाबदल करा. सगळ्याचं ध्वनिमुद्रण ठेवा, फेरतपासणीचा अर्ज आला तर दाखवायला दुसरं काही नसतं.